बारोलो वाइन चाखायचीय? मग चालतच जा

इटलीच्या पिएमोन्ते प्रांतात जात असाल, तर मुक्काम ला मोर्रा गावात करा आणि द्राक्षमळ्यांतल्या पायवाटेने बारोलो गावात उतरा. गाडी मुक्कामीच राहू द्या. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही तिथली कायदेशीर मर्यादा आहे, आणि बारोलो चांगलीच कडक! ऑक्टोबर सगळ्यात सुंदर: नेब्बिओलो द्राक्षांची तोडणी, तांबूस पानं, सकाळी दरीत धुकं. पाऊस झाला की चिकणमाती बुटांना थरांनी चिकटते, म्हणून पकड असलेले बूट हवेतच. दुपारचं जेवण दोनच्या आत उरका, नंतर बहुतेक स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद. अंडं चालत असेल तर लोणी नि सेज या सुगंधी वनस्पतीची पानं घातलेला तायारिन मागवा. बलकामुळे पिवळ्याधमक झालेल्या त्या बारीक शेवया अप्रतिम लागतात. शाकाहारींनी आन्योलोत्ती हा भरलेला पास्ता टाळावा, आत बहुधा मांसाचं सारण असतं.