बीजगणितातल्या या चुका टाळा, शिकवतानाच्यासुद्धा

३क्ष = १२
म्हणून क्ष = १२ − ३ = ९

आठवीच्या वह्यांत ही ओळ दरवर्षी सापडते. पोरगं ढ आहे म्हणून नव्हे, तर त्यानं आपण शिक्षकांनी दिलेला नियम इमानेइतबारे पाळला म्हणून. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे आपणच घोकून घेतलेलं असतं. त्यानं ३ पलीकडे नेला, चिन्ह बदललं. क्ष + ३ मध्ये तीन मिळवलेला आहे आणि ३क्ष मध्ये गुणलेला आहे, हा फरक त्या नियमात कुठंच येत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे 'पलीकडे' हा शब्दच वापरू नका. 'दोन्ही बाजूंना ३ ने भागू', 'दोन्ही बाजूंतून ५ वजा करू' असं बोला आणि तसंच लिहून घ्या. वही जास्त लागते, लागू दे. पक्षांतर, म्हणजे पद चिन्ह बदलून पलीकडे नेणं, नंतर मूल स्वतःच शोधून काढतं. तराजूचं उदाहरण द्यायचं असेल तर एकदा खरा दोन पारड्यांचा तराजू दाखवा. आता दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्यामुळं 'पारडं झुकलं' म्हटलं की निम्मी मुलं नुसती मान हलवतात.

याच्याच जोडीची दुसरी सवय म्हणजे क्ष + ५ = १२ = १२ − ५ = ७ अशी आगगाडी. उत्तर बरोबर असतं म्हणून आपण टिक करून पुढे जातो. पण १२ आणि ७ समान कधीपासून झाले? मुलाच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही', एवढंच. एका ओळीत एकच '=' ही शिस्त सहावी-सातवीतच लागली तर पुढचं बरंच दुखणं वाचतं.

माझा खरा राग आहे तो फळांवर. '३आ + २के म्हणजे तीन आंबे आणि दोन केळी, यांची बेरीज होत नाही.' सजातीय, म्हणजे एकाच अक्षराची, पदं शिकवायला हे फार सोयीचं वाटतं. ३क्ष + ५ = ८क्ष ही चूक त्यानं चार दिवस थांबतेही. पण अक्षर म्हणजे वस्तू, हे डोक्यात बसतं ते बसतंच. मग आंबा गुणिले आंबा म्हणजे काय, याला उत्तर नसतं. त्याहून मोठा फटका दहावीत शाब्दिक उदाहरणात बसतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातलंच उदाहरण घ्या. एका गोदामात बेदाण्याची खोकी हळदीच्या पोत्यांच्या चौपट आहेत, दोन्ही मिळून २५० नग. तर प्रत्येकी किती? पुष्कळ मुलं लिहितात ४ब = ह. त्यांच्या मनात ब म्हणजे बेदाणा, ह म्हणजे हळद. चार खोकी बेदाणा, एक पोतं हळद, असं वाक्य जसं ऐकलं तसं उतरवलं. मग ब + ह = २५० वरून ५ब = २५०, ब = ५० आणि ह = २००. उत्तर इतकं गोंडस येतं की शंका घ्यायला जागाच नाही. पोती खोक्यांच्या चौपट झाली, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय दोन. पहिली ओळ पूर्ण लिहायची: 'हळदीच्या पोत्यांची संख्या ह मानू.' नुसतं 'ह = हळद' लिहिलं तर मी वही परत देतो. दुसरा उपाय म्हणजे समीकरण सोडवण्याआधी एक सोपी संख्या घालून बघायची. पोती १० असतील तर खोकी ४०. ४ब = ह मध्ये घातलं तर १६० = १०. जमत नाही. ब = ४ह मध्ये घातलं की जमतं. मग पोती ५०, खोकी २००. आणि ताळा घ्यायचा तो प्रश्नातल्या वाक्याशी. स्वतःच्या समीकरणात घालून घेतलेला ताळा समीकरण चुकलं असलं तरी झक्क जुळतो.

(अ + ब)² = अ² + ब² वर फार भाषण नको. अ = ३, ब = २ घालायला सांगा. एकीकडे २५, दुसरीकडे १३. मग चौकटीच्या वहीत ५ गुणिले ५ चा चौरस काढून ३ आणि २ वर रेघा मारायला सांगा. राहिलेले १२ चौकोन कुठं आहेत ते मूल बोटानं दाखवतं.

वजा चिन्हाची गोष्ट वेगळी. तिथं कल्पना कळलेली असते, हात घसरतो. क्ष² − ५क्ष + ६ = ० मध्ये क्ष² मागची संख्या अ = १, क्ष मागची ब = −५ आणि शेवटची क = ६. मुळं, म्हणजे समीकरणाची उत्तरं, वास्तव आहेत का हे ठरवणारं ब² − ४अक काढताना मूल −५² लिहितं, −२५ − २४ = −४९ आणतं आणि 'मुळे वास्तव नाहीत' असं ठोकून देतं. खरं तर (−५)² − २४ = १, मुळं २ आणि ३. ऋण किंमत ठेवताना कंस आधी काढायचा, संख्या मग लिहायची. दहावीचा बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. कंस काढायला त्यातला वेळ असा किती जातो?

दोन समीकरणं सहगुणकांवरून, म्हणजे अक्षरांमागच्या संख्यांवरून, सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीतही गणित निश्चयकाच्या, म्हणजे सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांच्या वजाबाकीच्या, आधीच बिघडतं. २क्ष + ३य = १२ आणि ५क्ष = ४य + ७ अशी समीकरणं दिली, की दुसऱ्यातला य चा सहगुणक सरळ ४ घेतला जातो आणि निश्चयक −७ येतो. ५क्ष − ४य = ७ असं मांडलं असतं तर −२३ आला असता; क्ष = ३, य = २.

क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्ष ने भागायचा मोह आवरा. ० हे मूळ तिथंच हरवतं. आधी सगळं एका बाजूला घ्या, मग अवयव पाडा. क्ष² = ४९ मध्येही निम्मी मुलं −७ विसरतात. धन संख्येची धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात स्पष्ट लिहून ठेवलंय. √४९ या चिन्हाचा अर्थ मात्र फक्त ७. चौरसाची बाजू काढायची असेल तर −७ टाकून द्या, पण 'लांबी ऋण नसते' ही ओळ लिहून. पायऱ्यांना गुण असतात.