कालच्या दिवसाचा जमाखर्च: मनाचा हिशेब कसा मांडावा

आनंदी राहण्यासाठी दिले जाणारे बहुतेक सल्ले दिवसात काहीतरी नवे घालायला सांगतात. पहाटे उठावे, ध्यान करावे, छंद जोपासावा. सल्ले चुकीचे नाहीत. पण सकाळी सातला घर सोडून रात्री साडेआठला परतणाऱ्या ठाणेकराच्या दिवसात नवे काही घालायला जागा कोठे आहे, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे भर घालण्याआधी, असलेल्या दिवसात मन कोठे खर्ची पडते ते पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यासाठी मानसशास्त्रात एक पद्धत आहे आणि ती घरी, वही-पेन घेऊन वापरता येते.

अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांचे सहकारी यांनी 2004 साली टेक्सासमधील 909 नोकरदार स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात ही पद्धत मांडली. ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे थेट विचारले, तर माणूस त्या क्षणी मनात जे वर आलेले असते त्यावरून उत्तर देतो; पगारवाढ झाली असेल तर आयुष्य छान वाटते, गाडी चुकली असेल तर सगळेच फुकट गेल्यासारखे वाटते. म्हणून त्यांनी आयुष्याबद्दल न विचारता कालच्या दिवसाबद्दल विचारले, आणि तेही तुकड्यातुकड्याने.

नोंदीसाठी नेहमीचा कामाचा वार निवडावा. सण, रजा किंवा लग्नाचा दिवस घेऊ नये. दुसऱ्या दिवशी, आठवण ताजी असताना, पाऊण तास निवांत बसून काल उठल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ प्रसंगांत विभागावा. जागा, काम किंवा सोबत बदलली की नवा प्रसंग सुरू होतो. साधारणपणे एक प्रसंग वीस मिनिटे ते दोन तासांचा असावा आणि दिवसाचे बारा-पंधरा प्रसंग व्हावेत. प्रत्येकापुढे सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, जागा, सोबतीला कोण होते आणि काय चालले होते, एवढेच लिहावे.

प्रवासाच्या बाबतीत मात्र वीस मिनिटांचा नियम मोडावा. समजा, वाघबीळला राहणारी एखादी व्यक्ती फोर्टमध्ये नोकरी करते. तिने ‘प्रवास, दोन तास, त्रासदायक’ अशी एकच ओळ लिहिली, तर हाती काहीच लागत नाही. घोडबंदर रस्त्यावरून ठाणे स्टेशनपर्यंतची बस, पुलावरून फलाटावर उतरणे, गाडीची वाट पाहणे, मुलुंडपासून दादरपर्यंत उभ्याने काढलेला वेळ, दादरनंतर तिघांच्या बाकावर कशीबशी मिळालेली चौथी सीट आणि शेवटी सीएसएमटीपासून कार्यालयापर्यंतची चाल हे सहा वेगवेगळे प्रसंग आहेत. असे सुटे केल्यावर पुष्कळदा दिसते, की सगळा राग दोन तासांचा नसून त्यातल्या पंचवीस मिनिटांचा आहे, आणि शेवटची चाल तर चक्क आवडती आहे.

यानंतर प्रत्येक प्रसंगातील भावनांना शून्य ते सहा असे गुण द्यावेत. शून्य म्हणजे ती भावना अजिबात नव्हती, सहा म्हणजे अतिशय तीव्र होती. आनंद, आपुलकी, मन रमणे या एका बाजूच्या आणि चिडचिड, काळजी, उदासी या दुसऱ्या बाजूच्या भावना पुरेशा आहेत. थकव्याचे गुण वेगळे ठेवावेत, कारण येऊरच्या रस्त्याने चढून आल्यावरही माणूस थकतो आणि तो थकवा हवाहवासा असतो. ज्या प्रसंगात सर्वांत जास्त गुण नकोशा भावनेला मिळाले असतील, त्याची मिनिटे बाजूला मांडावीत व त्यांची बेरीज जागेपणीच्या एकूण मिनिटांनी भागावी. सोळा तास जागे असाल तर एकूण मिनिटे 960. त्यांतील 240 नकोशी निघाली, तर दिवसाचा पाव भाग मनाविरुद्ध गेला. काहनेमन आणि अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी सुचवलेल्या या मापाचा फायदा असा, की एकाचे ‘चार’ आणि दुसऱ्याचे ‘चार’ सारखे आहेत का, हा वाद त्यात उद्भवत नाही. आपल्याच मनात काय वरचढ होते, एवढेच पाहायचे असते.

नोंद वाचताना काही गोष्टी खटकतील. टेक्सासच्या अभ्यासात आनंदाच्या क्रमवारीत कामावर जाण्याचा सकाळचा प्रवास तळाशी होता, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण मुलांचे करण्याचा वेळही बराच खाली होता. असे आकडे स्वतःच्या वहीत दिसले, की अपराधी वाटते. तसे वाटून घेण्याचे कारण नाही. मुलांमुळे आयुष्याला अर्थ येतो हे खरे, आणि एका हाताने कुकर लावत दुसऱ्या हाताने गृहपाठ घेताना जीव मेटाकुटीला येतो हेही खरे. क्षणाचे सुख आणि आयुष्याबद्दलचे समाधान ही दोन वेगळी खाती आहेत. ही वही फक्त पहिले खाते दाखवते.

आणखी एक रकाना आखावा: त्या वेळी मन हातातल्या कामात होते की दुसरीकडे? मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली 2,250 प्रौढांना दिवसातून वेगवेगळ्या वेळी फोनवरून हाच प्रश्न विचारला. जवळपास 47 टक्के वेळा मन भरकटलेले आढळले आणि अशा वेळी लोक कमी आनंदी होते. जेवताना कार्यालयाचे संदेश वाचणाऱ्याच्या वहीत जेवणाच्या प्रसंगात आनंदाला तीनच गुण का पडले, याचा खुलासा बहुधा या रकान्यात सापडतो.

आता एकच प्रसंग बदलायला घ्यावा, दोन नाहीत. तो रोजचा असावा आणि बदल आपल्या हातातला असावा. निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी 2014 साली शिकागोजवळच्या रेल्वेप्रवाशांवर केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसाशी बोललेल्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. लोकांचा अंदाज मात्र नेमका उलटा होता. लोकलच्या महिला डब्यात हळदीकुंकू करणाऱ्या किंवा भजनाचा ठेका धरणाऱ्या आपल्या मंडळींना हे प्रयोगाविनाच ठाऊक आहे. तरीही ऐन गर्दीच्या जलद गाडीत, जेथे श्वास घ्यायलाही मुश्कील, तेथे गप्पांचा सल्ला देणे क्रूरपणाचे ठरेल. अशा वेळी ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी धरून, पंधरा-वीस मिनिटे अधिक देऊन बसून जाणे हा खरा बदल ठरू शकतो. घड्याळाच्या हिशेबात हा तोटा आहे, वहीच्या हिशेबात नफा असू शकतो.

ठरवलेला बदल ‘जमेल तसे करू’ असा लिहू नये. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनानुसार केव्हा, कोठे आणि काय करायचे हे ‘जर-तर’च्या वाक्यात आधीच बांधले, तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. ‘संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग पुलाच्या जिन्यापर्यंत गेलेली दिसली, तर मी थांबणार नाही, तलावपाळीपर्यंत चालत जाऊन तेथून रिक्षा बघेन’ हे वाक्य चालते. ‘रोज थोडे चालेन’ हे चालत नाही.

घर बदलण्याचा विचार चालू असेल, तर ही वही आधी लिहावी. ठाणे स्टेशनजवळच्या नौपाड्यातील लहान घर विकून लांब घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या पुढे एक खोली जास्त मिळते, तेव्हा आपण त्या खोलीचे सुख मोजतो. पण स्थिर गोष्टींची मनाला लवकर सवय होते, तर रोज नव्या ठिकाणी, नव्या कारणाने अडकणाऱ्या वाहतुकीची होत नाही. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांना जर्मनीतील आकडेवारीत दिसले, की लांबच्या प्रवासाचा तोटा चांगल्या पगाराने किंवा घराने भरून निघायला हवा, तो निघत नाही. जास्त प्रवास करणारे आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. यावरून घर घेऊच नये असे नव्हे, पण त्या खोलीच्या किमतीत रोजची मिनिटेही धरावीत.

दोन आठवडे लोटले तरी एकाही प्रसंगात आनंदाला गुण पडत नसतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर वही मिटून डॉक्टरांकडे जावे. ठाण्याच्या मनोरुग्णालयावरून केल्या जाणाऱ्या ‘ठाण्याला पाठवा’ या जुन्या थट्टेने आपल्याकडे मनाच्या आजाराची उगाच लाज वाटायला लावली आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.

बदल लागू केल्यावर तीन-चार आठवड्यांनी, त्याच वारी, पुन्हा संपूर्ण नोंद करावी आणि नकोशा मिनिटांचे प्रमाण पूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहावे. ते हललेच नसेल, तर तो बदल सोडून दुसरा प्रसंग निवडावा. जानेवारीतील दिवसाची तुलना जुलैतील दिवसाशी करू नये. रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या असतील, तर त्या दिवसाची नोंद बाजूला ठेवून पुढच्या आठवड्यातील तोच वार घ्यावा.