नाशिकहून कोकणच्या कातळकिनाऱ्यावर मुक्काम: तारीख ठरवताना आधी तिथी बघा

दिवाळी संपली की मला या सहलीबद्दल फोन यायला लागतात. कॅम्पर व्हॅन घ्यावी की तंबू, कॉटेज कुठलं चांगलं, रस्ता कसा आहे, सगळं विचारतात. तारीख कोणी विचारत नाही, कारण ती जोडून आलेल्या सुट्ट्यांनी आधीच ठरलेली असते. खडकाळ किनाऱ्यावर जायचं असेल तर मला हे अजिबात पटत नाही. आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. बाकी सगळं त्यानंतर.

आपण नाशिककर पाणी ओळखतो ते गोदावरीचं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की बातमी येते, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं ते बघून रामकुंडावरचे लोक सामान हलवतात. समुद्र रोज दोनदा चढतो आणि त्याची बातमी कोणी देत नाही. हा फरक मला कळला नव्हता. माझ्या पहिल्या सहलीच्या वेळी जो तो सांगत होता, ‘कोजागरीला जा, चांदण्यात समुद्र बघा.’ आम्ही गेलो. संध्याकाळी सहाला पोहोचलो तर कातळाखाली ही एवढी रुंद, कोरडी, सपाट वाळूची पुळण. तिथेच दोन तंबू ठोकले. रात्री साडेअकराला माझ्या पुतणीने हाक मारली तेव्हा पाणी तिच्या अंथरुणाला लागलं होतं. अंधारात मुलांना कडेवर घेऊन ओल्या कातळावरून वर चढलो. एक तंबू गेला, माणसं सगळी सुखरूप राहिली. त्या रात्रीनंतर ‘पौर्णिमेला जा’ हा सल्ला मी कुणालाही देऊ देत नाही.

झालं काय होतं, ते नीट समजून घ्या. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी आणि आणखी तितक्याच वेळाने पुन्हा भरती. म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला संध्याकाळच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. तुम्ही दमून पोहोचता नेमकं तेव्हा किनारा सगळ्यात मोठा दिसतो आणि मध्यरात्री उधाणाची, म्हणजे सगळ्यात उंच चढणारी भरती येते. नवख्या माणसाला फसवायला याहून वाईट वेळ नाही.

अष्टमीच्या आसपासही जाऊ नका. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, पण फार उतरतही नाही. शिवाय ओहोटी येते भर दुपारी बाराला. तापलेल्या कातळावर मुलांना घेऊन काय बघणार?

माझं मत पक्कं आहे: द्वितीया ते चतुर्थी, कुठल्याही पक्षातली. उधाणाचा जोर अजून टिकून असतो, त्यामुळे पाणी भरपूर मागे जातं, आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. कोवळ्या उन्हात खडकांतली डबकी, खेकडे, समुद्रफुलं मनसोक्त बघता येतात. पाऊणपटीचा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघाच. समुद्राचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा असेल तर बेत सरळ रद्द करा. आगाऊ रक्कम बुडाली तरी बुडू द्या.

खडकावर उतरतानाही वेळ पाळा. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचं. ‘आत्ता तर पाणी लांब आहे’ म्हणत लोक थांबतात. पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं, पण एकूण चढाचा निम्मा भाग तिसऱ्या आणि चौथ्या तासात येतो. ते पाणी समोरून येतंच असं नाही, मागच्या घळीतून शिरून परतीची वाट तोडतं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने माणसं ओढली गेली आहेत. ती वाट फक्त ओहोटीची, आणि तिथले गावकरी नको म्हणाले तर नको. हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय ठेवायचा नाही.

मुक्कामाची जागा निवडायच्या खुणा किनाराच सांगतो. कातळावर कालवं चिकटलेली दिसतात तिथवर पाणी नेहमी येतं. पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. नावातच सगळं आलं. तंबू असो की गाडी, त्या वेलीच्याही मागे, सुरूच्या बनाच्या बाजूला, आणि जागेच्या मालकाला विचारून. पुळणीवर गाडी घालायची नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. ओल्या वाळूत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

गाडीचं म्हणाल तर महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मोठ्या मोटारहोमची हौस वाढली आहे. कोकणातल्या गावांत ती नेऊ नका. दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे, वर लोंबणारी वीजवाहिनी आणि समोरून एसटी. टेम्पो ट्रॅव्हलरएवढी कॅम्पर पुरे. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर गावातली घरगुती खोली घ्या आणि कॅम्पिंगची हौस अंगणात चूल मांडून भागवा.

मार्ग: पहाटे साडेतीनला नाशिक सोडा, कसारा घाट, भिवंडी, पनवेल, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. द्वितीयेला पोहोचा, तृतीयेच्या सकाळी साडेआठची ओहोटी धरून कातळ बघा. मग बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, पुढे दापोलीवरून दाभोळ, पुन्हा फेरीबोटीने धोपावे आणि गुहागरला मुक्काम. ओहोटीत धक्क्याचा उतार ओला आणि निसरडा असतो, कॅम्परचा मागचा भाग लांब असेल तर तो खाली घासतो. फेरीबोटवाल्यांना आधी विचारा, ते सांगतील तेव्हाच गाडी चढवा. चतुर्थीला तीनच्या भरतीला हेदवीच्या बामणघळीपाशी असा. चिंचोळ्या फटीत लाट शिरून पाणी उंच उसळतं. तेवढी एक जागा भरतीतच बघायची, आणि काठापासून लांब उभं राहून.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी, औषधं, बॅटऱ्या तुम्ही घ्यालच. खडकासाठी मागे पट्टा असलेल्या, पकड धरणाऱ्या चपला मात्र प्रत्येकाला हव्यात. गाडीतलं सांडपाणी खाडीत सोडू नका, मुक्कामाच्या मालकाला शोषखड्डा कुठे आहे ते विचारा.

घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खाऱ्या वाऱ्याचा थर आठवडाभर राहिला तर ब्रेकच्या नळ्यांना आणि सायलेन्सरला गंज धरतो.