‘माझ्या कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसतंय!’ वार्षिक अहवाल छापताना आणि पाठवताना या चुका टाळा

पतसंस्था असो की गृहनिर्माण सोसायटी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑफिसात एकच धांदल असते. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. लेखापरीक्षकाची सही मात्र ऑगस्ट संपता संपता मिळते. टायपिंग, मांडणी, छपाई, लाभांशाची पत्रं, व्हॉट्सॲप, ईमेल या सगळ्याला मग जेमतेम आठ-दहा दिवस उरतात. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकतो: ‘माझ्या कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसतंय!’ दिसत असेलच. पण सभासद तुमच्या कॉम्प्युटरवर अहवाल वाचणार नाहीये. खालच्या बहुतेक चुका फाईल आपल्या मशिनवरून दुसऱ्याकडे जाताना होतात.

फॉन्ट: सगळ्यात जुनं दुखणं

रात्री साडेनऊला प्रेसवाल्याचा फोन येतो, ‘तुमची फाईल उघडली, पण सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच दिसतायत.’ कारण एकच. मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. या फॉन्टांत फाईलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरंच, त्यांच्यावर फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे मंगल नसेल तर निर्मला, तीही नसेल तर नोटो, पण मजकूर मराठीच राहतो.

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं, म्हणजे कन्व्हर्टर, मिळतात. ‘कन्व्हर्टरमध्ये टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे,’ असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगा की नंतरची दोन तासांची तपासणीही तूच कर. कन्व्हर्टर अडखळतो तो रफारावर आणि पहिल्या वेलांटीवर. आता अहवालातले शब्द आठवा: कर्ज, वर्ष, खर्च, सर्वसाधारण, कार्यकारी, अर्थसंकल्प. रफाराशिवाय ओळ सापडायची नाही! वेलांटीचंही तसंच, निधी आणि वितरण हे शब्द पानोपानी. शिवाय काही जुन्या फॉन्टांत कंसाच्या, टक्क्याच्या किल्लीवरसुद्धा मराठी अक्षर बसवलेलं असतं, त्यामुळे रूपांतरानंतर व्याजदरापुढचं टक्क्याचं चिन्ह गायब होऊ शकतं. शोधा-बदला वापरून हे चार-पाच शब्द आणि सगळी टक्केवारी आधी तपासा, मग बाकीचं वाचा.

उलटी अडचणही येते. काही प्रेसमध्ये अजून पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं आणि त्याला युनिकोड कळत नाही. इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरला कळतं, पण त्यातला परिच्छेद-जुळणीचा ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय निवडला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून काम देण्याआधी प्रेसला एकच प्रश्न विचारा: तुम्ही आमच्या पीडीएफवरून थेट छापणार की मजकूर पुन्हा लावणार? पुन्हा लावणार असतील तर मुद्रितशोधनाला एक दिवस जास्तीचा धरा.

थेट छापणार असतील तर पीडीएफ केल्यावर ॲडोब रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबा आणि फॉन्टांची यादी पाहा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’, म्हणजे फॉन्ट फाईलमध्येच घातलेला आहे, असं लिहिलेलं हवं. एकाही नावापुढे ते नसलं तर ती फाईल बाहेर पाठवू नका.

जाता जाता ‘ऱ्या’बद्दल. सभेच्या जेवणाच्या खर्चात ‘आचाऱ्यांना मानधन’ असं लिहायचं होतं, छापून आलं ‘आचार्यांना मानधन’. सभेत हशा पिकला, अध्यक्षांना मात्र खुलासा करावा लागला. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप केलं की बरोबर उमटतं. काही कीबोर्ड हाच ‘ऱ्या’ साध्या र-पुढे एक न दिसणारं चिन्ह घालून तयार करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एक शोधलं की दुसरं सापडत नाही. ‘शोधलं होतं हो, नव्हतं फाईलमध्ये,’ असं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय असं लगेच समजू नका.

लाभांशाची पत्रं आणि मेल मर्ज

एका वर्षी एक आजोबा काउंटरवर आले. पत्र पुढे सरकवून म्हणाले, ‘बाळ, माझे शेअर्स दोन हजारांचे आणि लाभांश आलाय नऊ हजार. संस्था चांगली चालली आहे की बुडायला आली आहे?’ राज्याच्या सहकार कायद्यात लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. दोन हजारांवर फार तर तीनशे रुपये मिळाले असते.

झालं होतं असं. आमच्यातल्या एकानं पत्रं आडनावांच्या क्रमानं लागावीत म्हणून एक्सेलमध्ये फक्त नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावला. एक्सेलनं विचारलं होतं, शेजारचे रकाने बरोबर घेऊ का? घाईत त्यानं ‘नको’ म्हटलं. नावं हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या. सुदैवानं तोवर निम्मीच पत्रं गेली होती, तरी ती परत मागवताना नाकी नऊ आले.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळतो. यादी आधी कंट्रोल-टी दाबून टेबल करून घेतो, म्हणजे क्रम लावताना अख्खी ओळ हलते. दुसरं, शेवटी एक जादा रकाना: लाभांश भागिले भागभांडवल, गुणिले शंभर. दर दहा टक्के जाहीर झाला असेल तर खालपर्यंत दहाच दिसायला हवेत. वर्षाच्या मध्ये शेअर्स घेतलेल्यांचा आकडा वेगळा येईल, पण तेवढे सभासद हातानं तपासता येतात. नावांशी या रकान्याचा संबंध नाही, म्हणून नावं सरकल्याची चूक त्यानं पकडली जात नाही. त्यासाठी पत्रावर सभासद क्रमांक छापा आणि कुठलीही वीस पत्रं उचलून शेअर रजिस्टरशी ताडून पाहा.

मेल मर्ज म्हणजे एक्सेलच्या यादीतली नावं नि रकमा वर्डच्या पत्रात आपोआप भरून घेणं. त्याचा दुसरा सापळा फिल्टरचा. राजीनामा दिलेले, वारलेले सभासद एक्सेलमध्ये फिल्टर लावून लपवले म्हणजे त्यांची पत्रं निघणार नाहीत, असं वाटतं. वर्ड तो फिल्टर बघतच नाही, सगळ्या ओळी उचलतो. मग वारलेल्या माणसाच्या नावानं ‘सभेस अवश्य उपस्थित राहावे’ असं पत्र त्याच्या घरी जातं. फोन कुणी उचलायचा यावरून ऑफिसात चिठ्ठ्या टाकायची वेळ येते. हव्या त्या ओळी कॉपी करून नव्या शीटमध्ये घ्या आणि मर्ज तिथून करा.

एक्सेलमध्ये ४५०.५० दिसणारी रक्कम पत्रात ४५०.५ होते आणि ५ सप्टेंबरची तारीख महिना आधी येऊन ९/५ अशी छापली जाते, याचं कारण वर्ड एक्सेलची सजावट न घेता आतला कच्चा आकडा घेतो. टेक्स्ट सूत्रानं रकमेचा आणि तारखेचा वेगळा रकाना करून तोच पत्राला जोडा. बँक खाते क्रमांकांचा रकाना तर आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक सांभाळत नाही. सोळावा अंक शून्य होतो आणि एकदा गेला की रकान्याचा प्रकार बदलून परत येत नाही.

छपाई

इथे थोडक्यात सांगतो. वर्डमध्ये कागदाचा आकार ‘लेटर’ राहिलेला असतो, प्रिंटरमध्ये असतो ए-४. लेटर १८ मिलिमीटरनं आखूड, त्यामुळे ए-४ वर एका पानात मावला असता असा ताळेबंद त्यात मावत नाही आणि त्याची शेवटची ओळ, म्हणजे नेमकी एकूण रक्कम, पुढच्या पानावर जाते. टायपिंग सुरू करण्याआधीच ए-४ करून घ्या. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. ३७ पानं झाली तर तीन कोरी पानं पदरात पडतात, तेव्हा एखादं भाषण आखडतं घ्यायला सांगा (अध्यक्षांचं सोडून). फोटो व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून मागवू नका. तो दाबून लहान होऊन येतो आणि छपाईत भुरकट दिसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

पाठवणं

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर मावतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. संस्थेनं नवा मोबाइल नंबर घेतला आणि त्यावरून ब्रॉडकास्ट केला की निम्म्यांना काहीच मिळत नाही आणि ऑफिसात सगळे म्हणतात, पाठवलं की! मग कुणी सगळ्यांचा ग्रुप करतो आणि प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ईमेलमध्येही शेकडो पत्ते ‘टू’मध्ये टाकले की तोच प्रकार. ते ‘बीसीसी’मध्ये टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं आणि जोडपत्राला २५ एमबीची मर्यादा आहे, म्हणून मोठी यादी दोन-तीन दिवसांत विभागा.

फाईल ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवली असेल तर ती आधी मोबाइलच्या खासगी खिडकीत, म्हणजे लॉगइन न करता, उघडून पाहा. परवानगी ‘रिस्ट्रिक्टेड’ राहिली असली की सकाळी तुमच्या इनबॉक्समध्ये ‘प्रवेश हवा’ असे साठ अर्ज येऊन पडलेले असतात.

यातली सगळ्यात महाग चूक म्हणजे एक्सेलची मूळ फाईलच पाठवणं. मोबाइल, आधार, थकबाकी हे रकाने ‘हाइड’ केले होते असं सांगितलं जातं. लपवलेला रकाना कुणीही दोन क्लिकमध्ये उघडतो. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर बहुधा तसाच असतो, कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. थकबाकीदारांची यादी अशी फिरली तर निस्तरता निस्तरता वर्ष जातं. लागतील तेवढेच रकाने नव्या फाईलमध्ये घ्या, तिची पीडीएफ करा, आणि वर्डच्या फाईलमधले शेरे नि मागोवा घेतलेले बदल ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’नं काढून टाका. नाहीतर ‘हा मुद्दा सभासदांच्या लक्षात यायला नको’ असा संचालकाचा शेरा अहवालाबरोबर घरोघर पोचतो.

आणि एवढं करूनही चुकीची फाईल गेलीच तर? जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घ्यायची मुदत जास्तीत जास्त ३० सेकंद असते आणि ती आधीच सेटिंगमध्ये वाढवून ठेवावी लागते. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवस मिळतात, पण तोवर कुणी उतरवून घेतलेली प्रत राहतेच. म्हणून ‘अहवाल फायनल’, ‘अहवाल फायनल नवा’ असली नावं ठेवू नका. दुरुस्त फाईलला तारखेचं नाव द्या, पहिल्या पानाच्या माथ्यावर ‘दुरुस्त प्रत’ लिहा आणि सोबतच्या निरोपात नेमकं सांगा: ‘पान १४, ओळ ६, राखीव निधीचा आकडा बदलला आहे, बाकी मजकूर तोच.’ छापील प्रती गेल्या असतील तर तेवढ्याच मजकुराची चिठ्ठी छापून पान १४ वर चिकटवायला सांगा. त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे सभेच्या दिवशी दारातल्या हजेरीच्या टेबलावर ठेवा. सही करायला प्रत्येकजण तिथे थांबतोच.