खुर्ची घ्यायच्या आधी माणसाचं माप घ्या

घरात कोणाला पॅरालिसिस झाला किंवा गुडघ्यांमुळे उठबस जमेनाशी झाली की सगळे त्यांना सोफ्यावर बसवतात, मऊ असतो म्हणून. नेमकं तेच नको. मऊ सोफ्यात कंबर खाली जाते, गुडघे वर येतात, माणूस पुढे घसरत राहतो आणि उठवायला दोघं लागतात.

दुकानात जाण्याआधी मेजरटेप घ्या. रोजची चप्पल घालून बसवायचं आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजायचं, ती झाली सीटची उंची. वर उशी ठेवणार असाल तर बसल्यावर ती जेवढी जाड राहते तेवढी यातून वजा करा. उठायला फारच जड जात असेल तर इंचभर जास्त चालेल, पण टाचा टेकल्याच पाहिजेत. मग पाठ टेकून बसल्यावर ढुंगणाच्या मागच्या टोकापासून त्याच खळगीपर्यंत जे भरेल त्यातून दोन-तीन बोटं कमी, ती सीटची खोली. बहुतेक खुर्च्या इथेच चुकतात, सीट खोल असली की पाठ टेकत नाही. हात असलेलीच खुर्ची घ्या, कोपर सहज टेकेल एवढ्या उंचीचे हात. खुर्ची बुटकी निघाली तर खाली विटा लावू नका प्लीज, सुताराकडून पायांना नीट पक्का जोड मारून घ्या.

बसवताना आधी कंबर पूर्ण मागे, बाकी सगळं नंतर. पट्टा लागला तर मांडी आणि कमरेच्या सांध्यावरून तिरका घ्यायचा, पोटावरून नाही. लुळा हात लोंबकळत ठेवला की खांदा दुखतो, त्याखाली उशी द्या. व्हीलचेअरचं कापड मध्ये झोळीसारखं लोंबत असेल तर उशीखाली सीटच्या मापाचा प्लाय घट्ट बसवा, फरक लगेच दिसतो.

मधे भोक असलेली रबरी रिंग लोक हमखास आणतात, माझ्या मते ती टाळाच, कडेच्या कातडीवर दाब येतो. उशी कितीही महाग असली तरी दर अर्ध्या तासाने थोडं उचलून किंवा कलवून बसवायचं, आणि उठवल्यावर माकडहाडापाशी लाल डाग दिसला, तो अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर पुन्हा बसवू नका, डॉक्टरांना दाखवा.

मापं जमत नसतील तर फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) एकदा घरी बोलवा, मुंबईत असाल तर हाजीअलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत जाता येईल.