दीड-दोन वर्षांच्या मुलाला आपल्या हाताने जेवायला कसे शिकवावे

पहिल्या वाढदिवसापर्यंत वाटीभर मऊ भात निमूटपणे संपवणारे मूल दीड वर्षाचे झाले की तोंड फिरवू लागते, घास गालात धरून बसते, आणि मग एक जण वाटी घेऊन त्याच्या मागे व दुसरा मोबाईलवर गाणी लावून त्याच्या पुढे, असा तास-तासभराचा फेरा बहुतेक घरांत सुरू होतो. हा फेरा थांबवून मुलाला घरच्यांच्या पंगतीत बसवण्याची रीत येथे सांगितली आहे. आमच्या घरी ती अंगवळणी पडायला दोन महिने लागले. त्यांतले पहिले दहा दिवस फार कठीण गेले, पण ते मुलीला नव्हे, आम्हां मोठ्यांना.

या वयात भूक कमी होणे हे बहुतेक वेळा दुखणे नसते. जन्माच्या वेळी तीन किलोचे असलेले बाळ वर्षाचे होईपर्यंत साधारण नऊ किलोचे होते, म्हणजे त्याचे वजन तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते अवघे दोन ते अडीच किलो वाढते, आणि वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. ‘याचे पोटच भरत नाही’ ही आजीची काळजी मायेपोटी असली, तरी तिचा निवाडा वजनकाट्यावर करावा. माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख असतो. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून त्यावर ठिपका टाकून घ्यावा. ठिपके छापील रेषेच्या सोबतीने वर चढत असतील, तर मूल त्याला पुरेल एवढे खात आहे असे समजावे. दोन-तीन महिने वजन जागचे हलले नाही, मूल फिकट दिसू लागले किंवा गिळताना त्याला वारंवार ठसका लागू लागला, तर मात्र पुढचे काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

सुरुवात ताटापासून न करता दुधापासून करावी. मूल जेवले नाही म्हणून त्याला दुधाची बाटली द्यायची आणि बाटली प्यायल्यामुळे ते पुढच्या वेळीही जेवत नाही, हे चक्र आमच्याकडे चार महिने चालले होते. वर्षानंतर गाई-म्हशीचे दूध दिवसाकाठी 400 ते 500 मिलिलिटरहून जास्त देऊ नये, आणि तेही कपाने द्यावे. दुधात लोह फारच कमी असते, आणि दुधानेच पोट भरणाऱ्या मुलांमध्ये रक्त कमी होण्याचा धोका वाढतो. दूध कमी केले तर हाडांचे काय, असे घरातून विचारले गेल्यास नाचणीचे सत्त्व शिजवावे, कारण 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आई अंगावर पाजत असेल तर ते मुळीच तोडू नये, फक्त जेवणाच्या आधी न पाजता जेवणानंतर पाजावे.

यानंतर वेळा बांधाव्यात. दिवसात तीन जेवणे आणि दोन वेळचे किरकोळ खाणे, प्रत्येकात अडीच ते तीन तासांचे अंतर, आणि मधल्या वेळेत फक्त पाणी. या एका नियमाने निम्मे काम होते, आणि सर्वांत जास्त मोडला जातो तोही हाच नियम, कारण शेजारच्या काकूंनी दिलेले बिस्किट किंवा आजोबांच्या बशीतली चिमूटभर शेव कोणी मोजत नाही. मुलाच्या झोपेची वेळ आणि जेवणाची वेळ एकमेकींवर येऊ देऊ नये. पेंगुळलेले मूल भुकेले असले तरी जेवत नाही, नुसते रडते.

बसायला पाट असो की खुर्ची, पाठ ताठ आणि पावले टेकलेली असावीत. पळत्या मुलाच्या तोंडात घास कोंबल्याने तो घशात अडकण्याची भीती असते, म्हणून बसल्याशिवाय घास नाही, हे सर्वांनी पाळावे. त्याच वेळी घरातल्या निदान एका मोठ्या माणसाने तेच अन्न घेऊन समोर जेवायला बसावे. मूल जेवायला शिकते ते बघून, आणि चार जण त्याच्या तोंडाकडे टक लावून बसले असताना त्याला बघण्यासारखे काहीच उरत नाही.

ताटात निराळे काही शिजवून वाढण्याची गरज नाही. तिखट घालण्याआधी आमटी-भाजीतला मुलाचा वाटा बाजूला काढला की पुरते. वरण-भात नेहमीपेक्षा घट्ट कालवावा, म्हणजे तो बोटांत धरता येतो. पोळी वरणात भिजवून कुस्करावी, थालीपीठाचे बोटाएवढे तुकडे करावेत, गाजर व बटाट्याच्या फोडी दोन बोटांत सहज चिरडतील इतक्या उकडाव्यात, अंडे कुस्करावे आणि मासळी काटे काढून, हाताने दोनदा चाचपून मगच वाढावी. पोट लहान असल्याने थोड्या अन्नात जास्त ताकद जावी, यासाठी भातावर चमचाभर तूप घालावे. प्रत्येक पदार्थ सुरुवातीला एक-दोन चमचेच वाढावा, कारण भरलेले ताट पाहूनच मूल दबते. संपल्यावर पुन्हा वाढता येते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या आणि खडीसाखर चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नये. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे आणि द्राक्षे उभी चिरून त्यांच्या चार फोडी कराव्यात. खोकणाऱ्या मुलाला खोकू द्यावे, त्याच्या तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. आवाजच फुटेनासा झाला तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडून आधीच प्रत्यक्ष शिकून ठेवावे.

पहिल्या दिवशी ताट पुढे ठेवून हात मागे घ्यावेत. हे लिहायला सोपे आहे. आमच्या मुलीने पाचही बोटे वरण-भातात रुतवली, मूठ आवळली, बोटांच्या फटींतून वर येणारा भात बराच वेळ न्याहाळला, त्यातला थोडा भिंतीला लावला, आणि मग मनगटावरून कोपराकडे ओघळलेले वरण चाटत ती उलट दिशेने तळहातापर्यंत आली. अकरा मिनिटांत पोटात गेली ती मोजून दहा-बारा शिते. तिसऱ्या मिनिटाला आजीचा हात वाटीकडे गेला होता. अशा वेळी आजीला ‘तुम्ही मध्ये पडू नका’ असे सांगून काही साधत नाही, उलट घर तापते. तिला काम द्यावे. आमच्याकडे काऊचा घास, चिऊचा घास हे गाणे पूर्वीसारखेच चालू राहिले, फक्त आजी आता घास तोंडात न घालता त्याची लहानशी मूद करून ताटाच्या कडेला मांडू लागली. हा काऊचा, हा चिऊचा, हा माऊचा. कोणाचा घास आधी पळवायचा हे मुलगी ठरवू लागली, आणि आठवड्याभरात माऊला रोज उपाशी राहावे लागू लागले.

मोबाईल हळूहळू कमी करण्यापेक्षा एकदम बंद केलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे; अर्धवट बंदीत मूल फक्त जास्त वेळ रडायला शिकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात वर्षाच्या मुलासाठी पडदा नकोच असे म्हटले आहे, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. जेवणाच्या संदर्भात त्याचे कारण साधे आहे: चित्रांकडे डोळे लावून बसलेले मूल तोंड उघडते, पण काय खाल्ले आणि पोट कधी भरले याकडे त्याचे लक्षच नसते. मोठ्यांचे फोनही त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवावेत. संध्याकाळच्या मालिकेची वेळ आड येत असेल, तर मालिकेशी भांडण्यापेक्षा मुलाचे जेवण अर्धा तास आधी उरकावे. पहिले तीन-चार दिवस खाणे निम्म्यावर येईल, ते गृहीत धरावे.

मुलाने मान फिरवली, ओठ मिटले किंवा ताट ढकलले, तर त्याचे पोट भरले असे मानावे. वीस ते तीस मिनिटांनी, न रागावता, ताट उचलावे. ‘एवढा एकच घास’ हा आग्रह आणि भाजीच्या बदल्यात चॉकलेट हा सौदा, दोन्ही टाळावेत. सौद्याने भाजी ही शिक्षा ठरते. नावडती भाजी लगेच बाद करू नये. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, ती ओळखीच्या पदार्थाशेजारी चिमूटभर वाढावी लागते. आमच्याकडे लाल भोपळा नवव्यांदा तोंडात गेला आणि दोडका अजून ताटाबाहेरच पडतो. ताप किंवा जुलाब असताना मात्र हे नियम सैल सोडावेत, पेज, ताक, वरणाचे पाणी थोडे थोडे पाजत राहावे, आणि बरे झाल्यावर भूक परत आली की दोन आठवडे एक जेवण वाढवून द्यावे.

सांडलवंडीची तयारी आधीच ठेवावी. पाटाखाली जुनी चादर पसरावी आणि अंगरखा काढून मुलाला नुसत्या लाळेऱ्यावर बसवावे. जमिनीवर पडलेला ओला भात लगेच पुसू नये, तो फरशीभर चिकटत जातो. तासभर वाळू दिला की शिते केरसुणीने एका झटक्यात निघतात. तोवर मुलाचे हात धुऊन होतात, आणि जमल्यास आपलेही जेवण बसून, गरम असतानाच होते.