पहिल्या गोळीआधी कालनिर्णयवर लिहून ठेवा

मनाच्या आजाराची गोळी सुरू झाली की डोक्यातली प्रत्येक ठणक गोळीचीच वाटते. इंदूरला आमच्या आईला एस्सिटालोप्राम लिहून दिली, तेव्हा उपयोगी पडलं ते कालनिर्णयचं पान.

१. पहिली गोळी घेण्याआधीच, गेल्या आठवड्यातले त्रास लिहा: झोप, डोकेदुखी, मळमळ, धडधड. आईचे अर्धे ‘साइड इफेक्ट’ तिथे आधीपासून हजर होते!

२. मग रोज एकदाच, सकाळचे पोहे झाले की, प्रत्येक त्रासाला ० ते १० पैकी अंक द्या. दिवसभर नाडी बघत बसायचं नाही. मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. आकडे उतरताना दिसले की जीव भांड्यात पडतो. (रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत हादडून आलात तर तेही लिहा. ती मळमळ गोळीच्या खात्यावर नको.)

३. डब्यातला बारीक अक्षरांचा कागद रात्री वाचू नका. शंका पानामागे लिहा, डॉक्टरांना दाखवा. मध्यरात्री फारच घाबरं झालं तर टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन: १४४१६, मोफत, चोवीस तास.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पण अंगावर पुरळ, श्वासाला त्रास किंवा जीव द्यावासा वाटणं, यात अंक देत बसू नका; लगेच डॉक्टर गाठा.